एकाच यंत्रमानवाचे तीन साचे: प्रकल्प नोंदी

९ जून २०२४

पाऊस सुरू झाला असून पुढचे बरेच रविवार घरातच जाणार हे उघड दिसत असल्यामुळे, वर्षभर कपाटावर पडून असलेले तीन खोके आज खाली काढले. तिन्हींवर एकाच यंत्रमानवाचे चित्र आहे: १९७९ च्या ‘मोबाइल सूट गंडम’ या जपानी मालिकेतील आरएक्स-७८-२. तिन्ही खोक्यांत प्लास्टिकचे सुटे भाग जोडून आकृती उभी करण्याचे संच आहेत; तिन्ही बंदाई कंपनीचे आणि १/१४४ प्रमाणातले. फरक आहे तो साच्यांच्या वयाचा. पहिल्याचा मूळ साचा जुलै १९८० चा आहे (माझ्याकडचा संच अर्थातच त्याच आराखड्यावर नंतर पुन्हा काढलेला), दुसरा २००१ चा ‘हाय ग्रेड’ आणि तिसरा २०२० चा ‘एंट्री ग्रेड’ (दोन्ही बंदाईच्या संचांच्या श्रेणी). मामेभाऊ जपानात नोकरीला आहे; तो दर खेपेला येताना एकेक घेऊन आला आणि मी दर खेपेला ‘सवडीने करू’ म्हणत राहिलो.

माझा रोजचा धंदा प्लास्टिकच्या साच्यांचा आहे. भोसरीच्या एमआयडीसीत गाड्यांच्या आतल्या क्लिपा आणि बटणांची कव्हरे आम्ही काढतो. त्यामुळे असा संच हातात आला की खोक्यावरच्या लढाईच्या चित्रापेक्षा माझे लक्ष आधी गेट (प्लास्टिकचा रस भागात शिरण्याची जागा) कुठे आहे, भाग साच्यातून बाहेर ढकलणाऱ्या इजेक्टर पिनचे ठसे कुठे लपवले आहेत आणि पार्टिंग लाईन (साच्याचे दोन अर्धे जिथे मिळतात ती रेषा) कुठून नेली आहे याकडे जाते. हे तीन साचे एकापाठोपाठ जोडून त्यांचे रीतसर मूल्यमापन करावे, एवढाच या प्रकल्पाचा हेतू आहे.

वहीत एक तक्ता आखला आहे. रकाने पाच: जुळणी, गेटची जागा, रंगांची विभागणी, सांध्यांची पकड आणि प्रमाणबद्धता. प्रत्येकी दहा गुण, एकूण पन्नास.

१५ जून

जोडण्यापूर्वी तिन्ही खोक्यांतील, सुटे भाग ज्यांना चिकटून येतात त्या चौकटी टेबलावर शेजारी शेजारी मांडून पाहिल्या. प्लास्टिकचा रस ज्या वाटेने भागांपर्यंत पोहोचतो ती काडी म्हणजे रनर आणि रनर जिथे भागाला चिकटतो ती अरुंद मान म्हणजे गेट. संच जोडणाऱ्याला रनर हा निव्वळ सांगाडा वाटतो. आमच्या लेखी मात्र ती साचा बनवणाऱ्याने केलेल्या विचाराची जवळजवळ पूर्ण नोंद असते.

१९८० चा संच पांढराच आहे. छातीचा निळा, पोटाचा लाल, गळ्याजवळच्या झडपांचा पिवळा, हे सगळे रंग ज्याचे त्याने द्यायचे. हातापायांचे दोन-दोन अर्धे भाग आहेत आणि ते गोंदानेच चिकटवावे लागतात. मालिका जानेवारी १९८० मध्ये ४३ भागांवर संपली होती. ५२ भागांची योजना कमी प्रतिसादामुळे आटोपती घेण्यात आली होती. तिची मुख्य खेळणी प्रायोजक कंपनी क्लोव्हर ही होती. बंदाईने ३०० येनांना हा संच बाजारात आणला तो मालिका संपून सहा महिने झाल्यावर, आणि पुनःप्रक्षेपणाच्या जोडीने या संचांनीच गंडमला दुसरा जन्म दिला. ३०० येनांत पोराच्या खिशाला परवडेल असा साचा करायचा, तर रंग आणि जुळवाजुळव पोराच्याच गळ्यात घालणे भाग होते, हे चौकट पाहिली की कळते.

२००१ च्या संचात रंग प्लास्टिकमध्येच आहेत. पांढरा, लाल, निळा आणि पिवळा हे एकाच चौकटीत शेजारी शेजारी आलेले पाहून मी नेहमीप्रमाणे पाच मिनिटे ती चौकट उजेडात धरून बसलो. एकाच साच्यात वेगवेगळ्या रंगांचा रस वेगवेगळ्या वाटांनी सोडायचा आणि एकाला दुसऱ्यात मिसळू द्यायचे नाही, ही सोपी गोष्ट नव्हे. याखेरीज पॉलीकॅपची (सांध्यांत बसणाऱ्या मऊ वाट्यांची) एक करडी चौकट निराळी आहे. चौकटींच्या कडेला ‘पीएस’ आणि ‘पीई’ अशी अक्षरे आहेत: पहिले पॉलिस्टायरीन, दुसरे पॉलिएथिलीन.

२०२० च्या संचात पॉलीकॅप नाही, स्टिकर नाही, आणि भाग कापून काढायची बारीक पक्कड, म्हणजे निपरही लागत नाही. गेट इतके बारीक ठेवले आहेत की भाग बोटाने फिरवला की सुटतो. मूळ किंमत ७०० येन आणि वर कर.

१६ जून

बहिणीचा मुलगा आज दिवसभर आमच्याकडे होता. वय नऊ. त्याच्या हातात २०२० चा संच दिला, माहितीपत्रिका उघडून ठेवली आणि मी समोर घड्याळ घेऊन बसलो. मध्ये बोलायचे नाही असे स्वतःला बजावले होते. पत्रिका जपानीत असली तरी चित्रे आणि भागांचे आकडे पुरेसे होते. डोके जोडताना त्याने डोळ्यांचा पिवळा भाग आतून बसवला, वर चेहऱ्याचा पांढरा मुखवटा दाबला आणि डोळे आपोआप योग्य जागी उमटलेले पाहून माझ्याकडे वर बघितले.

“मामा, याला काही चिकटवायचं नाही का?”

“नाही.”

“मग तू तुझं सामान कशाला काढून ठेवलंयस?”

टेबलावर माझे निपर, कटर, चार नंबरांचे पॉलिश पेपर आणि गोंदाची बाटली ओळीने मांडलेली होती. मी ती बाजूला केली.

पूर्ण आकृती उभी राहायला त्याला एक तास दहा मिनिटे लागली आणि त्यातली पंधरा मिनिटे पोहे खाण्यात गेली. चुका दोन झाल्या. डाव्या-उजव्या पायाच्या पोटरीची अदलाबदल झाली, पण चुकीच्या जागी खुंटी बसतच नसल्यामुळे ती त्याच्याच लक्षात आली. चुकीची जोडणी शक्यच होऊ न देणे याला आमच्याकडे कारखान्यात ‘पोका-योके’ म्हणतात, शब्द जपानीच. दुसरी चूक अशी की ढालीचा एक भाग त्याने सोडवताना ओढला, वळवला नाही, आणि गेटच्या जागी पांढुरका ओरखडा राहिला. हा दोष साच्याचा नव्हे, सूचना न पाहण्याचा.

२२ जून

त्याने जोडलेली आकृती आज भिंगाखाली पाहिली. गेटचे ठसे जवळजवळ सगळे अशा पृष्ठांवर आहेत की भाग जोडल्यावर ते दुसऱ्या भागाखाली जातात. पोटरीची आणि दंडाची जोडरेषा उघड्यावर न सोडता चिलखताच्या खाचेतच नेऊन बसवली आहे, म्हणजे पाहणाऱ्याला ती जोड न वाटता नक्षीच वाटते. याचा अर्थ असा की आकृतीचे तुकडे कुठे पाडायचे हा निर्णय आणि चिलखतावर रेषा कुठे काढायच्या हा निर्णय, दोन्ही एकाच बैठकीत झालेले असणार. आमच्याकडे डिझाइनवाले आकार ठरवून मोकळे होतात आणि मग टूलरूमने (साचे बनवणाऱ्या विभागाने) गेट कुठे लपवायचा यावर डोके फोडायचे, हा क्रम मला जन्माचा पाठ आहे. म्हणून हे पाहताना कौतुकाबरोबर थोडा हेवाही वाटला.

व्हर्नियरने उंची मोजली. कथेत हा यंत्रमानव डोक्याच्या टोकापर्यंत १८ मीटर उंच आहे. १४४ ने भागले की १२.५ सेंटिमीटर येतात. आकृती त्याच्या अगदी जवळ आहे. गुण: जुळणी १०, गेट १०, रंग ९, प्रमाणबद्धता ९. सांध्यांची परीक्षा तिन्हींची एकत्र घेईन.

३० जून

२००१ चा संच गेल्या आठ दिवसांत रोज रात्री जेवणानंतर तासभर असा जोडला. येथे निपर लागतो आणि तो कसा चालवायचा हेही यायला लागते. पहिला काप भागापासून दोन मिलिमीटर दूर घ्यायचा, म्हणजे भागावर ताण येत नाही. दुसरा काप अर्धा मिलिमीटर ठेवून. उरलेला कण कटरने पातळ सोलून ६०० आणि मग १००० च्या पॉलिश पेपरने सपाट करायचा. एकाच कापात काम उरकले तर प्लास्टिक कातरले जाण्याऐवजी चेपले जाते आणि त्या जागी पांढरा डाग पडतो. पांढऱ्या भागांवर तो खपून जातो. छातीच्या निळ्या भागावर मात्र मी घाईने एक काप जवळून घेतला आणि तांदळाच्या कणीएवढा पांढुरका डाग नेमका समोर, झडपेच्या खाली उमटला. नखाने दाबून आणि घासून तो अर्धा गेला, अर्धा आहे.

पुढच्या बाहूची जोडरेषा मधोमध दिसते. या काळच्या रचनेत ती दिसणारच. ती घालवणे हे जोडणाऱ्याचे काम धरलेले होते. पॉलीकॅपची कल्पना मात्र मला अजूनही फार आवडते. कडक प्लास्टिकच्या खुंटीवर पॉलिएथिलीनची मऊ वाटी बसवली की ती खुंटीला सतत थोडी आवळून धरते, आणि सांधा कितीही फिरवला तरी झिजून ढिला पडायला वेळ लागतो. पॉलिएथिलीनवर रंग टिकत नाही आणि गोंदही चिकटत नाही, म्हणून ही वाटी नेहमी पोटात लपवावी लागते. तिला जागा करण्यासाठी सांधा जाड होतो. २०२० च्या आकृतीचे कोपर आणि गुडघे सडपातळ दिसण्याचे एक कारण हेच असावे.

गुण: जुळणी ८, गेट ६, रंग ७, प्रमाणबद्धता ७.

६ जुलै

१९८० चा संच सुरू केला. गोंद म्हणजे येथे खरे तर गोंद नव्हे. तो पॉलिस्टायरीन विरघळवणारा द्रव आहे. दोन्ही कडांना लावून अर्धा मिनिट थांबायचे, कडा मऊ झाल्या की भाग एकमेकांवर दाबायचे, म्हणजे वितळलेले प्लास्टिक रेषेतून बारीक वरंब्यासारखे बाहेर येते. हा वरंबा पुसायचा नाही. तो वाळून घट्ट झाल्यावर घासला की दोन तुकड्यांचा खरोखर एक तुकडा होतो. हात, पाय आणि धड असे वरंबे काढून स्वयंपाकघरातल्या चाळणीवर वाळत ठेवले. घरातून या चाळणीबद्दल जे ऐकावे लागले ते या नोंदींच्या कक्षेबाहेरचे आहे.

१४ जुलै

आठ दिवस थांबलो होतो. तीन दिवसांनी प्लास्टिक वरून कडक लागते, पण आत द्रव उरलेला असतो आणि तेव्हा घासले तर नंतर त्या जागी खळगी पडते. हा धडा मागे एकदा पुरेसा महाग शिकून झाला आहे. ४०० च्या पॉलिश पेपरने सुरुवात केली, पाण्यात बुडवून ६००, ८०० आणि १०००. पायाची नडगी घासताना एका क्षणी पांढरी रेषा बोटाला लागेनाशी झाली आणि तिरप्या उजेडातही दिसेनाशी झाली. ती नडगी मी नंतर उगाचच दोनतीनदा हातात घेतली.

येथेच तक्त्याबद्दल पहिली शंका आली. ‘जुळणी’च्या रकान्यात या संचाला मी ४ गुण लिहिले होते, कारण अर्धे भाग एकमेकांवर नेमके बसत नव्हते. पण आता माझ्या हातातला पाय तिन्हींपैकी सर्वात एकसंध आहे. गुण साच्याला द्यायचे की पायाला?

२१ जुलै

रंग. आधी करड्या प्रायमरचा हात, मग छातीला निळा, पोटाला आणि पावलांना लाल, झडपांना पिवळा. कागदी टेप कापून कडा झाकण्यात पूर्ण दुपार गेली. डोळे शून्य नंबरच्या ब्रशने केले. उजवा डोळा जरा रागीट झाला आहे. या यंत्रमानवाचे रचनाकार कुनिओ ओकावारा यांनी मूळ आराखडा दूरचित्रवाणीच्या चित्रासाठी केला होता. हाताने रंग देताना लक्षात येते की तांबडा, निळा, पिवळा यांचे हे सपाट तुकडे चित्रात किती सोयीचे असतील आणि बारा सेंटिमीटरच्या आकृतीवर किती निर्दय ठरतात: एक केसाएवढी कड चुकली की तीच दिसते.

२५ जुलै

रात्रभर पाऊस, खडकवासल्यातून विसर्ग, सिंहगड रस्त्याकडच्या वस्त्यांत पाणी. कामावर जाता आले नाही, आणि प्रकल्पालाही हात लावावासा वाटला नाही.

२८ जुलै

आज चूक केली आणि ती पूर्णपणे माझी आहे. तिन्ही आकृत्यांवर शेवटी मॅट थर देण्याचे ठरले होते, म्हणजे प्लास्टिकची चमक मोडते आणि आकृती मोठी, जड वाटू लागते. दुपारी दोन तास उघडीप मिळाली म्हणून मी बाल्कनीत पुठ्ठ्याचा खोका उभा करून स्प्रेचा डबा हलवला. भिंतीवरच्या यंत्रात हवेची आर्द्रता ८६ टक्के दिसत होती. ती वाचली, आणि तरीही सुरुवात केली.

पहिली ढाल फवारली. ओली असताना ती सुरेख दिसत होती. दोन मिनिटांत लाल पृष्ठावर पिठूळ पांढरी साय धरली, जणू कोणी भस्म फासले आहे. यामागचे कारण सरळ आहे: फवाऱ्यातील द्रावक झपाट्याने उडतो, उडताना पृष्ठभाग थंड करतो, आणि दमट हवेतील बाष्प त्या थंड पृष्ठावर जमून थरातच अडकते. जपानातही याच कारणासाठी पावसाळी दिवसांत फवारू नये असे सांगतात, आणि जुलैतल्या पुण्याला ते सांगण्याची गरज असू नये. सुदैवाने ढाल एकच होती आणि ती २००१ च्या संचातली होती. बाकीचे काम थांबवले.

ही साय कोरड्या हवेत दुसरा पातळ थर दिल्यास बहुतेक वेळा विरघळून निघते. घाईने घासायला घेतले तर मात्र खालच्या प्लास्टिकवरही ओरखडे पडतात. म्हणून हात आवरला.

४ ऑगस्ट

सांध्यांची परीक्षा. पद्धत अशी: आकृतीचा उजवा हात आडवा ताठ धरायचा, मनगटाला दोऱ्याने एम-८ चा एक नट टांगायचा आणि रात्रभर ठेवायचे. मग खांदा आणि कोपर प्रत्येकी २०० वेळा हलवून तीच परीक्षा पुन्हा.

२००१ च्या आकृतीने दोन्ही वेळा हात हलू दिला नाही. पॉलीकॅपने आपले काम केले. २०२० च्या आकृतीचा हातही दोन्ही रात्री टिकला, मात्र २०० आवर्तनांनंतर खांदा बोटाला किंचित हलका लागतो. कडक प्लास्टिक कडक प्लास्टिकवर फिरते तिथे एवढे होणारच. तरीही नुसत्या मापाच्या जोरावर ही पकड साधली आहे याचे मला नवल वाटते. पॉलिस्टायरीन थंड होताना साधारण अर्धा टक्का आकसते. खुंटी भोकापेक्षा शतांश मिलिमीटरने जाड ठेवायची, आणि ती साच्यातून निघून, आकसून झाल्यावरही तेवढीच जाड राहिली पाहिजे. खुंटी जरा बारीक झाली तर हात लोंबतो, जरा जाड झाली तर मुलाच्या हातात मोडते. आम्ही क्लिपांसाठी हेच करतो आणि त्यासाठी साचा तीनतीनदा दुरुस्त करतो.

१९८० च्या आकृतीची परीक्षा झालीच नाही. पाय बाजूला फाकत नाहीत हे साच्यातच आहे, पण उजवा खांदा अजिबात फिरत नाही याला कारण मी: ६ जुलैला गोंद खांद्याच्या खुंटीपर्यंत ओघळला असणार. हात अर्धवट वर उचललेल्या स्थितीत कायमचा बसला आहे. रायफल धरायला ती स्थिती वाईट नाही.

११ ऑगस्ट

तक्ता पुरा करायला बसलो. बेरीज केली तर २०२० चा संच सहज पहिला येतो आणि १९८० चा फार मागे राहतो. पण ही बेरीज मी खोडली. माझे पाचही रकाने टूलरूमच्या खिडकीतून पाहून आखलेले होते. त्यांत संच जोडणाऱ्याच्या टेबलावर काय घडते याला जागाच नव्हती. या चाळीस वर्षांत काम कमी झालेले नाही, ते सरकले आहे. १९८० मध्ये रेषा बुजवणे, रंग देणे, डोळे काढणे हे जोडणाऱ्याकडे होते. २००१ पर्यंत रंग साच्यात गेले, पण गेट सोलणे आणि जोडरेषा घालवणे बाहेर राहिले. २०२० मध्ये तेही शिझुओकाच्या कारखान्यात, साचा कापणाऱ्याच्या टेबलावर गेले, आणि मुलाच्या हातात फक्त जोडण्याचा भाग उरला, जो त्याला हवा होता.

म्हणून नवा तक्ता दोन भागांत आखला आहे आणि त्यांची बेरीज करायची नाही असे वर लिहून ठेवले आहे. पहिल्या भागात साच्याचे गुण आहेत. ते वरच्याप्रमाणेच, फक्त जुन्याच्या जुळणीपुढचा ४ आता साच्याचा म्हणून तसाच ठेवला आणि सांध्याच्या रकान्यात ‘परीक्षा नाही’ असे लिहिले. दुसऱ्या भागात जोडणाऱ्याच्या हाताचे तास आहेत: २०२० चा संच सुमारे एक तास (तोही नऊ वर्षांच्या हाताचा), २००१ चा आठ तास, १९८० चा वाळण्याचे दिवस सोडून एकोणीस तास. नवख्याला काय द्यावे असे कोणी विचारले तर एंट्री ग्रेड, यात मला शंका नाही. ज्याला गोंद आणि पॉलिश पेपर शिकायचा आहे त्याच्यासाठी १९८० चा संच अजूनही सर्वात स्वस्त शाळा आहे. मधल्या संचाबद्दल माझे मत थोडे कडक आहे: २००१ मध्ये तो उत्तम होता, पण आज तो दोन्हींकडचा अर्धाच देतो. पॉलीकॅप मात्र मला त्याच्याकडूनच हवी.

उरलेले रनर तोलून पाहिले. तिन्ही मिळून ते आकृत्यांच्या वजनाच्या तोडीचे आहेत. आमच्याकडे ते सरळ ग्राइंडरमध्ये जातात आणि दाणा होऊन परत येतात. जपानात २०२१ पासून बंदाईचा समूह ग्राहकांकडून रनर गोळा करून पुन्हा वापरात आणतो. येथे तशी सोय नाही आणि आमच्या पॉलीप्रॉपिलीनमध्ये पॉलिस्टायरीन मिसळता येत नाही, त्यामुळे पांढरे रनर गोंदाच्या बाटलीत विरघळवून भेगा बुजवण्याची पुट्टी करण्यापुरते ठेवले, पॉलीकॅपची चौकट वेगळी काढली आणि बाकीचे भंगारवाल्यासाठी बांधून ठेवले.

मॅट थर तिन्ही आकृत्यांना द्यायचा बाकी आहे. साय धरलेली ढाल सिलिका जेलच्या पुड्या टाकून डब्यात बंद केली असून डब्यावर ‘दसऱ्यानंतर, आर्द्रता ६० च्या खाली असेल तरच’ अशी चिठ्ठी चिकटवली आहे.